मशीनचा झुरका, माणसाचा झुरका

५५ मिलीलिटर, ३ सेकंद, ३० सेकंद. प्रयोगशाळेत ई-सिगारेटची वाफ तपासणारं मशीन या तीन आकड्यांवर चालतं. झुरका ५५ मिलीलिटरचा, तो ३ सेकंदांत ओढायचा आणि दर ३० सेकंदांनी पुन्हा ओढायचा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २०१८ च्या मानकात हेच ठरलं आहे. उत्पादनांची तुलना करायला सगळ्यांना एकच माप हवं, हे मान्य. पण माणूस असा ओढत नाही.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ई-सिगारेट ओढणाऱ्यांचे, म्हणजे वेपरचे, झुरके त्यांच्या रोजच्या वावरात मोजले. २०१५ मध्ये आलेली सरासरी अशी: वेळ ३.५ सेकंद, आकारमान १३३ मिलीलिटर. मशीनच्या जवळजवळ अडीचपट.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो लंडनमधला २०१६ चा प्रयोग. ११ सराईत वेपर, तासभर हवं तेवढं ओढायची मुभा. मिलीलिटरमागे २४ मिलिग्रॅम निकोटिन असताना सरासरी ४८ झुरके, प्रत्येकी ३.८ सेकंदांचे. ६ मिलिग्रॅम दिल्यावर ७१ झुरके, ५.२ सेकंदांचे. गुणाकार करून पाहा: ओढण्याचा एकूण वेळ तीन मिनिटांवरून सहा मिनिटांवर गेला. द्रवातलं निकोटिन पाव केलं, तरी रक्तातलं जेमतेम निम्मं झालं. शरीर आपला हिस्सा वसूल करतंच. पुढे २०१८ मध्ये हेच झुरके मशीनला घेऊन दाखवायला लावले, तेव्हा कमी निकोटिनच्या ‘सौम्य’ द्रवाच्या वाफेत फॉर्मल्डिहाइडसारखी घातक रसायनं जास्त आली.

चूक उलट्या दिशेनेही होते. २०१५ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात मशीनने ई-सिगारेट ३.३ व्होल्टवर ओढली तेव्हा फॉर्मल्डिहाइडचा मागमूस नव्हता, ५ व्होल्टवर मात्र ते भरपूर निघालं. बातम्या गाजल्या. २०१७ मध्ये तसाच प्रयोग पुन्हा केला, पण या वेळी ती ई-सिगारेट २६ वेपरच्या हातीही दिली. ४.२ व्होल्टपर्यंतच ८८ टक्के लोकांना ‘कोरडा झुरका’ लागला. द्रव तापवणारी कॉइल इतकी तापते की वातीतला द्रव पुरत नाही, तो करपतो आणि घशाला असा जळका चटका बसतो की माणूस ई-सिगारेट तोंडातून काढतो. मशीनला घसा नाही. ते ओढतच राहतं. अर्थात, यावरून ई-सिगारेटची वाफ निर्धोक ठरत नाही. ५ व्होल्टचा तो आकडा माणसाच्या छातीत जाणाऱ्या वाफेचा नव्हता, एवढंच.

सिगारेटच्या बाबतीत हे आधीच घडून गेलं आहे. मिनिटाला एक, ३५ मिलीलिटरचा झुरका घेणाऱ्या मशीनवर ‘लाइट’ सिगारेटचा टार कमी दिसे, कारण फिल्टरच्या बारीक छिद्रांतून हवा मिसळे. ओढणाऱ्याची बोटं आणि ओठ तीच छिद्रं बुजवत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या मोजणीला दिलेली मान्यता काढून घ्यायला २००८ साल उजाडलं.

तेव्हा ई-सिगारेटबद्दल ‘इतके मायक्रोग्रॅम’ असं वाचलंत, तर झुरका केवढा होता, किती व्होल्टवर घेतला आणि तसा कुणी माणूस घेतो का, एवढं आधी शोधा. ते दिलेलं नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका.