'डोकं जड' म्हणजे नक्की काय?

'आय ॲम सो स्ट्रेस्ड यार!' ऑफिसात आपण किती सहज म्हणतो, नाही? आमच्या डिंगोऱ्यात असं कुणी म्हणत नाही. तिथे 'डोकं जड झालंय', 'छातीत धडधडतंय', 'कशात जीव लागत नाही'. मग ईसीजी, टॉनिक, जमलं तर देवऋषी. मनाचा नंबर सगळ्यात शेवटी!

माळशेज घाट उतरला की कल्याण, पुढे ठाणे. तिथे डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'आयपीएच' सुरू केली. सायकिॲट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर अशी अख्खी टीम एकाच छताखाली. आणि बोलणं चक्क मराठीत!

भाषेचं एवढं काय, म्हणाल. पण समजा, तुमच्या पगारातून धाकट्या भावाची फी आणि गावाकडचं बियाणं निघतं. अशा वेळी 'घरच्यांना सरळ नाही म्हणा' हा सल्ला कितीसा कामाचा? भावकी, जात, लग्नाचं प्रेशर हे सगळं ज्याला समजावून सांगावं लागत नाही, त्याच्यासमोर माणूस लवकर मोकळा होतो.

म्हणून पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा: माझ्या भाषेत बोलता येईल ना? फी कमी होईल का? गुप्ततेची काळजी नको, २०१७च्या कायद्याने तो तुमचा हक्कच आहे.

आणि गावाकडे? ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' आहे. नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. आईच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करून टाका. पुढच्या वेळी ती 'डोकं जड' म्हणाली, तर गोळीच्या आधी विचारा, 'काय गं, काय झालं?'