पासवर्ड नसलेली पासवर्डची फाईल

समजा, दिवाळी अंकाची जुळणी झालेली पानं छपाईला जाण्याआधी लेखकांना आणि मुद्रितशोधकांना वेबवर दाखवायची आहेत. माणसं दहा-बारा, काम महिनाभराचं. एवढ्यासाठी डेटाबेस, नोंदणीचा फॉर्म आणि ‘पासवर्ड विसरलात?’ची सोय उभारणं म्हणजे खटाटोपच. अपाची वेब सर्व्हरसोबत येणारी एक जुनी सोय इथे पुरते: एक साधी मजकुराची फाईल आणि ती सांभाळणारी एचटीपासवर्ड नावाची छोटी आज्ञा. अपाची १९९५ मध्ये आला तो इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्राच्या सर्व्हरवर डागडुजी करत करत, आणि ही पद्धतही त्याला तिथूनच वारशाने मिळाली.

आधी दारात काय घडतं ते पाहू. ब्राउझर पान मागतो. सर्व्हर ४०१ हा आकडा पाठवून सांगतो, की आधी ओळख दाखवा. सोबत त्या विभागाचं नावही कळवतो. ब्राउझर चौकट उघडतो, आपण नाव आणि पासवर्ड भरतो. ब्राउझर या दोघांच्या मध्ये एक कोलन घालून ते जोडतो, बेस६४ नावाच्या पद्धतीने त्याची अक्षरं बदलतो आणि मागणी पुन्हा पाठवतो. या पद्धतीला ‘बेसिक’ म्हणतात, आणि ती खरोखरच प्राथमिक आहे. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे. कोणीही ते क्षणात उलटवून मूळ अक्षरं वाचू शकतो. १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात याचं उदाहरण दिलं होतं: नाव अल्लाउद्दीन आणि पासवर्ड ‘ओपन सेसमी’, म्हणजे आपलं ‘तिळा तिळा दार उघड’. मंत्र अलिबाबाच्या गोष्टीतला, नाव दिव्यावाल्याचं. ही सरमिसळ २०१५ च्या सुधारित दस्तऐवजातही तशीच आहे. तेव्हा एचटीटीपीएस नसेल तर पुढचं सगळं वाचण्यात अर्थ नाही, कारण वाटेत कान देऊन बसलेल्याला फाईल चोरायची गरजच उरणार नाही.

आता फाईल. उघडून पाहिली तर एका माणसाची एक ओळ: नाव, कोलन आणि मग अक्षरांची अगम्य माळ. नावात कोलन चालत नाही ते याचमुळे. ती माळ म्हणजे पासवर्ड नव्हे, पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून निघालेला हॅश. उसाचा रस काढता येतो, रसापासून ऊस परत उभा करता येत नाही, तसंच हे. तुम्ही पासवर्ड दिलात की सर्व्हर त्याच्यावर तीच प्रक्रिया नव्याने करतो आणि निघालेली माळ फाईलमधल्या माळेशी ताडून पाहतो. जुळली तर आत. तुमचा पासवर्ड सर्व्हरकडे साठवलेला नसतोच.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, ते १९६० च्या दशकातल्या एका घटनेवरून कळतं. एमआयटीच्या सीटीएसएस या यंत्रणेत पासवर्ड जसेच्या तसे एका फाईलमध्ये असत. दोन व्यवस्थापक एकाच वेळी संपादन करत होते, एक पासवर्डची फाईल आणि दुसरा रोजच्या सूचनेची. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर स्वागताच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड आले. यंत्रणेचे जनक फर्नांडो कोर्बातो यांनीच पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हा किस्सा सांगितला. चोर नव्हता, फितुरी नव्हती. फाईल कधीतरी भलत्याच्या डोळ्यांपुढे येणार, असं गृहीत धरूनच ती लिहायला हवी, हे यातून उघड झालं.

१९७९ मध्ये युनिक्सच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात याची दोन उत्तरं आहेत. पहिलं, प्रक्रिया मुद्दाम संथ करायची. डीईएस या सांकेतिक पद्धतीचे २५ फेरे द्यायचे, म्हणजे एकेक शब्द लावून पाहणाऱ्याचा वेळ जाईल. दुसरं, प्रत्येक पासवर्डमध्ये थोडी यादृच्छिक भर घालायची, तिला सॉल्ट म्हणतात. मग दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तरी माळा वेगळ्या निघतात, आणि चोराला आयता तक्ता तयार करून तो सगळीकडे वापरता येत नाही. त्यांच्या सॉल्टचे ४०९६ प्रकार होते. तेव्हा ते पुष्कळ होते.

एचटीपासवर्ड ही जुनी पद्धत अजूनही करून देतो, पण ती वापरू नये. ती फक्त पहिली आठ अक्षरं पाहते. रोमन लिपीत ‘गणपतीबाप्पा’ असा पासवर्ड ठेवलात तर ‘गणपतीबुवा’ टाकूनही दार उघडेल. दुसरा पर्याय एसएचए-१ चा. त्यात सॉल्टच नाही. तो फक्त दुसऱ्या यंत्रणांतून आलेल्या नोंदी चालाव्यात म्हणून ठेवलेला आहे. बिनसॉल्टच्या एसएचए-१ चं काय होतं ते २०१२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले तेव्हा जगाने पाहिलं. तिसरी पद्धत अपाचीने बदलून घेतलेल्या एमडी५ ची. तिच्यात सॉल्ट आहे, हजार फेरे आहेत, आणि अपाची २.४ मध्ये काही न सांगता आज्ञा चालवली तर हीच मिळते. तिचा मूळ साचा पॉल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडीसाठी १९९४ च्या सुमारास लिहिला होता. २०१२ मध्ये त्यांनीच जाहीर केलं, की आता यावर विसंबू नका. आपल्याच कामाला असं निवृत्त करणारे लोक या क्षेत्रात थोडेच.

म्हणून घ्यायचा तो बीक्रिप्ट. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर यांनी तो १९९९ मध्ये मांडला. त्याचा संथपणा आपल्या हातात असतो. खर्चाचा आकडा एकाने वाढवला की काम दुप्पट होतं. एचटीपासवर्डमध्ये हा आकडा ४ पासून १७ पर्यंत देता येतो, आणि न दिल्यास ५ धरला जातो. माझ्या मते ५ फारच कमी आहे, १० च्या आसपास असावा.

पण आकडा चढवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. बेसिक पद्धतीत ‘लॉगिन झालं’ अशी अवस्थाच नसते. ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत नाव-पासवर्ड पुन्हा पाठवतो, आणि सर्व्हर प्रत्येक वेळी पहिल्यापासून ताडून पाहतो. अंकाच्या एका पानावर चाळीस चित्रं असतील तर बीक्रिप्ट चाळीस-एक्केचाळीस वेळा चालणार. चोराला दमवण्यासाठी लावलेला संथपणा आपल्याच सर्व्हरला दमवू लागतो. अपाचीचं ऑथएन-सोकॅश हे मॉड्यूलही यावर पुरता उपाय नाही. फाईलमधून वाचलेली नोंद ते काही काळ स्मरणात ठेवतं, मुळात ३०० सेकंद, त्यामुळे फाईल पुन्हा वाचणं वाचतं, पण पासवर्ड त्या माळेशी दर वेळी ताडून पाहावाच लागतो.

बीक्रिप्टची आणखी एक मर्यादा मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो पहिली ७२ बाइटच पाहतो. रोमन लिपीत ती ७२ अक्षरं होतात, पण युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे चोवीस चिन्हांत कोटा संपला. शिवाय रोमनेतर अक्षरं कशी पाठवायची याबद्दल ब्राउझरांत बराच काळ एकवाक्यता नव्हती. पासवर्ड मराठी सुचला तरी टंकावा रोमनमध्येच.

प्रत्यक्ष काम सोपं आहे. डेबियन किंवा उबुंटूवर अपाची२-युटिल्स हे पॅकेज बसवलं की आज्ञा मिळते. पहिल्या माणसासाठी तिला दोन खुणा द्यायच्या, नवी फाईल करण्यासाठी छोटा ‘सी’ आणि बीक्रिप्टसाठी मोठा ‘बी’. मग फाईलचा पत्ता आणि माणसाचं नाव. ती पासवर्ड दोनदा विचारते. दुसऱ्या माणसाच्या वेळी छोटा ‘सी’ गाळायचा. इथेच भलेभले घसरतात. वरच्या बाणाची कळ दाबून जुनीच आज्ञा आणतात, नाव तेवढं बदलतात, आणि ‘सी’ तसाच राहतो. फाईल असेल तर ती पुसून नवी करणं हेच त्या खुणेचं काम. आज्ञा खात्रीसाठी एका शब्दाने विचारत नाही. छोटा ‘बी’ दिला तर पासवर्ड आज्ञेतच लिहिता येतो, पण मग तो शेलच्या इतिहासात उरतो आणि आज्ञा चालू असताना त्याच यंत्रावरच्या इतरांना दिसूही शकतो. मोठा ‘डी’ ओळ काढून टाकतो, छोटा ‘व्ही’ दिलेला पासवर्ड जुळतो का ते तपासतो.

फाईल वेबसाइटच्या फोल्डरच्या बाहेर ठेवावी. टिंब-एचटी अशा अक्षरांनी सुरू होणारी फाईल अपाचीच्या मूळ मांडणीत कोणाला दिली जात नाही हे खरं, पण कोणीतरी तिची ‘जुनी-प्रत’ अशा नावाने नक्कल काढतो आणि ते संरक्षण तिथेच संपतं. मालकी रूटची, गट सर्व्हरचा, परवानगी ६४०: सर्व्हरने वाचावी, लिहू नये, बाकीच्यांनी पाहूही नये. मग मांडणीच्या फाईलमध्ये चार ओळी येतात. पद्धत बेसिक, विभागाचं नाव, फाईलचा पत्ता, आणि यादीतला कोणीही वैध माणूस चालेल अशी अट. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरलाही हीच फाईल चालते, मात्र तिथे बीक्रिप्ट चालेल की नाही हे त्या यंत्रावरच्या क्रिप्ट लायब्ररीवर ठरतं. म्हणून आधी एका नावावर करून पाहावं.

फाईल वरून खाली, ओळीओळीने वाचली जाते, त्यामुळे हजारो नावांसाठी ती नाही. चुकीचे पासवर्ड कितीही वेळा टाकले तरी ती कोणाला अडवत नाही, त्यासाठी फेल२बॅनसारखं काही वेगळं बसवावं लागतं. बाहेर पडण्याचं बटणही नाही, ब्राउझर बंद करणं हाच निरोप.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावं. सगळ्यांना मिळून ‘संपादक’ असं एकच नाव देऊ नये. अपाचीच्या नेहमीच्या नोंदवहीत तिसरा रकाना वापरकर्त्याच्या नावाचा असतो. नावं वेगळी असली की कोणी कोणतं पान कधी उघडलं ते तिथे आपोआप उतरतं. आणि एखाद्याचा संबंध संपला की फक्त त्याची ओळ काढायची, बाकीच्यांना नवे पासवर्ड कळवत बसावं लागत नाही. सर्व्हर बंद-चालू करायची गरज नसते, पुढच्याच मागणीला त्याला ४०१ मिळतो. सोकॅश लावलं असेल तर त्याला कमाल पाच मिनिटं आणखी.