बिनतारी जाळ्यांतील वाटाड्या

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबई-ठाण्याच्या घराघरांत अद्याप आठवला जातो. त्या वेळीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. रेल्वे थांबली, रस्ते पाण्याखालीं गेले, वीज गेली आणि पुष्कळांचे मोबाईल फोनहि मुके झाले. समोरच्या इमारतींतला माणूस डोळ्यांना दिसे, पण त्यास फोन लागत नसे. कारण दोन फोनांमधलें बोलणें थेट न जातां कंपनीच्या टॉवरवरून फिरून येतें. टॉवर बंद पडला कीं शेजारीहि परदेशीं गेल्यासारखा होतो. तेव्हां टॉवरवांचून शेजाऱ्यांनींच एकमेकांचे निरोप पुढें पोंचविण्याची सोय करतां येईल काय, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं ठाण्याहून ऐरोलीकडे जातांना लागणारें दिघा घेऊं. तेथें दिघा गांव हें रेल्वे स्थानक जानेवारी २०२४ मध्यें सुरू झालें. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी, मध्यें लोहमार्ग व ठाणें-बेलापूर रस्ता, आणि डोंगराच्या उतारावर इलठणपाड्यासारखी दाट वस्ती. समजा, उतारावरील एका घरांतून स्थानकाजवळच्या दवाखान्यास निरोप द्यावयाचा आहे. घरांतील वाय-फायच्या लहरी तेथवर पोंचत नाहींत. मध्यें भिंती आहेत, चढउतार आहेत. परंतु वाटेंतील चार घरांत लहान राउटर चालू असतील, तर विहिरीपासून आगीपर्यंत बादल्या जाव्यात त्याप्रमाणें निरोप हातोहात खालीं उतरूं शकेल.

मात्र ही रांग स्थिर नसते. कोणाचा राउटर बंद पडतो, कोणी आपलें यंत्र घेऊन चालूं लागतो. वाट क्षणोक्षणीं नव्यानें शोधावी लागते. हें काम प्रत्येक यंत्रांत पडद्याआड अखंड चालणारा एक लहानसा प्रोग्राम करतो. संगणकाचे जाणकार त्यास डीमन म्हणतात. आपण त्यास वाटाड्या म्हणूं. वाटाड्यांनीं कसें वागावें याच्या अनेक पद्धति आहेत. त्यांपैकीं ओएलएसआर ही फ्रान्समधील इन्रिया संस्थेच्या थॉमस क्लाउसेन व फिलिप जाके यांनीं २००३ सालीं लेखी नियमांच्या रूपानें प्रसिद्ध केली. ओस्लो विद्यापीठांत आन्द्रेआस टोन्नेसेन यांनीं तिच्यासाठीं वाटाड्या लिहिला आणि बर्लिनच्या फ्रायफुंक मंडळींनीं तो आपल्या जाळ्यांत वापरून पाहिला.

या पद्धतींत प्रत्येक वाटाड्या ‘मी येथें आहें, अमुक अमुक मला ऐकूं येतात’ अशी हाक वारंवार देतो. मूळ नियमांत हाकेचें अंतर २ सेकंद असून ऐकलेली हाक ६ सेकंद खरी धरावयाची असते. जाळ्याची रचना दूरवर कळविणारें पत्रक दर ५ सेकंदांनीं निघतें व १५ सेकंद खरें मानलें जातें. सर्वांनींच तें पुन्हा ओरडून सांगितलें तर कोलाहल माजेल. म्हणून प्रत्येकजण मोजकेच शेजारी निवडतो आणि तेवढेच त्याचें पत्रक पुढें नेतात.

मांडणी करणाराची खरी परीक्षा येथेंच आहे. जुन्या बातमीवर किती वेळ विश्वास ठेवावा, हा तो प्रश्न होय. हाका फार जवळजवळ दिल्या तर बातमी ताजी राहते. पण हवा सर्वांची एकच असल्यामुळें खऱ्या निरोपास जागा उरत नाहीं व बॅटरीहि लवकर संपते. उलट विश्वासाचा काळ फार लांबविला तर निघून गेलेल्या शेजाऱ्याकडे निरोप धाडले जाऊन वाया जातात. शिवाय ज्या दुव्यावर निम्म्या हाका हरवतात, तेथें लागोपाठ तीन हरवण्याचा संभव आठांत एक इतका असतो. म्हणजे ६ सेकंदांच्या हिशेबानें जिवंत दुवाहि वरचेवर मेलेला ठरेल. तेव्हां घरांतल्या स्थिर यंत्रांस विश्वासाचा काळ लांब द्यावा. हिंडणाऱ्या स्वयंसेवकाच्या यंत्रास हाका जवळजवळ व काळ आखूड द्यावा.

दुसरी गोष्ट वाटेच्या किंमतीची. एका दुव्यावर जातांना शंभरांपैकीं ८० निरोप पोंचतात आणि येतांना ५० पोंचतात असें धरा. निरोप जाऊन पोंच परत येईपर्यंत काम पुरें होत नाहीं. म्हणून शंभरांत ४० प्रयत्नच सफल होतात, म्हणजे सरासरी अडीच प्रयत्न लागतात. मध्यें एक घर घेऊन दोन निर्दोष टप्पे मिळत असतील तर दोनच प्रयत्न पुरतात. अर्थात् जवळची वाट नेहमींच चांगली नसते. हा हिशेब वाटाड्यास सांगतां येतो. मात्र जाळ्यांतील सर्वांनीं एकच हिशेब ठेवला पाहिजे.

तिसरी गोष्ट ओझें वाहण्याच्या तयारीची. तिचा आंकडा ० ते ७ असतो. शून्य म्हणजे दुसऱ्याचें ओझें मुळींच वाहणार नाहीं, सात म्हणजे नेहमीं वाहीन. कांहींच न सांगितल्यास तीन. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या यंत्रास सात द्यावा, खिशांतल्या यंत्रास शून्य किंवा एक. ज्या घरीं बाहेरच्या जगाचा दुवा शाबूत असेल, तेथील वाटाड्यानें ‘दरवाजा येथें आहे’ असें जाहीर करावें.

परंतु हीच गोष्ट एखादा ठकहि जाहीर करूं शकतो. साधा वाटाड्या भोळा असतो. ऐकलें तें खरें मानतो. म्हणून सर्वांच्या हाकांवर सामाईक गुप्त किल्लीची सही असावी.

२०१४ सालीं या पद्धतीची दुसरी आवृत्ति निघाली. आंकडे बदलतात, विचार तोच राहतो. मात्र कोणताहि आंकडा डोंगर हलवीत नाहीं. जेथें दुवाच नाहीं तेथें वाटाड्या हतबल होतो; मध्यें राउटर ठेवणारें एक घर असावेंच लागतें. म्हणून हें जाळें ज्येष्ठ लागण्यापूर्वीं, कोरड्या दिवसांत उभारावें आणि एकेक यंत्र मुद्दाम बंद करून निरोप कोणत्या वाटेनें जातो तें पाहावें. पूर आल्यावर शेजाऱ्याची ओळख करून घेण्यास सवड मिळत नाहीं.