दरबारातला वकील आणि आपला गट

वकील म्हटलं की आपल्याला कोर्ट आणि काळा कोट आठवतो. मराठेशाहीत मात्र एका राजाने दुसऱ्या राजाच्या दरबारी पाठवलेल्या माणसाला वकील म्हणत. आज आपण त्याला राजदूत म्हणतो.

वकिलाची कामं तीन. आपल्या धन्याचं म्हणणं नीट मांडायचं, तिथली खरी बातमी कळवायची आणि वेळ आली की बोलणी करायची. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या भेटीआधी शिवाजी महाराजांकडून पंताजी गोपीनाथ आणि अफझलखानाकडून कृष्णाजी भास्कर अशीच ये-जा करत होते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसले इंग्रजांकडून हरले. १५ डिसेंबरला गाविलगडही पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इंग्रजांकडून जनरल वेलस्ली आणि दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडून वकील यशवंतराव रामचंद्र बोलणीला होते. भोसल्यांना कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा, म्हणजे वऱ्हाडातला मुलूख सोडावा लागला. हा मुलूख पुढे निजामाकडे गेला. पण लढाईत गेलेला गाविलगड आणि नरनाळा किल्ला तहात भोसल्यांकडेच राहिले. हरल्यावरही बोलणीत काही राखता येतं, ते असं.

त्याच तहात ठरलं, की दोघांनी एकमेकांच्या दरबारी वकील ठेवावेत. इंग्रज आपल्या वकिलाला रेसिडेंट म्हणत. आधी एल्फिन्स्टन नागपूरला आले, पुढे जेन्किन्स. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली. मग लहानग्या राजाच्या नावाने काही वर्षं कारभार जेन्किन्सच पाहत होते. पाहुणा म्हणून आलेला माणूस घरधनी झाला.

म्हणूनच आज याला नियम आहेत. १९६१ मध्ये व्हिएन्ना इथे देशांनी करार केला. त्यानुसार राजदूताला अटक करता येत नाही, कारण निरोप्या निर्भय असेल तरच बोलणी चालू राहतात. पण राजदूतानेही त्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही.

धामणगाव बढे आणि आसपासच्या गावांतल्या गटांना आम्ही हेच सांगतो. बँकेत कर्जाचं बोलायला दोघींना पाठवता, तेव्हा त्या तुमच्या वकील असतात. किती रक्कम मागायची, किती हप्ता झेपेल, हे आधी बैठकीत ठरवून ठरावात लिहा. त्यापलीकडचं काही निघालं, तर "गटाला विचारून सांगतो" म्हणायला त्यांनी लाजू नये. परत आल्यावर नकारसुद्धा जसाच्या तसा सांगावा.

आणि बाहेरून कुणी मदतीला आलं, तर चहापाणी करा, सल्ला ऐका, हिशेबही दाखवा. पण पेटीची चावी आणि सहीचा अधिकार गटाकडेच ठेवा.