महिना नको, उंची विचारा

आपल्या गटांमधल्या काही जणींची मुलं-मुली अमेरिकेत आहेत. कुणी नातवंडांना भेटायला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला तिकडे जातं. मार्चच्या सुमारास तिकडच्या शाळांना आठवडाभर सुट्टी मिळते आणि घरात बेत ठरतो, "आई, कॅन्यन बघायला जाऊ." आई म्हणते, "तुम्ही न्याल तिकडे येते." आज आम्ही सांगणार आहोत, ते हे की अशा वेळी आईनं काय विचारायचं. गाडी मुलाची असली तरी गुडघे आणि दम आपलाच असतो.

कॅन्यन म्हणजे उभ्या कड्यांची खोल दरी. ॲरिझोना राज्यातलं ग्रँड कॅन्यन कोलोरॅडो नदीनं खडक कापून केलंय. ते ४४६ किलोमीटर लांब आणि सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. शेजारच्या युटा राज्यात झायन आणि ब्राइस कॅन्यन आहेत. ब्राइसला लाल-केशरी दगडांचे उंच सुळके हजारोंनी उभे आहेत. ते घडवण्यात मोठा वाटा बर्फाचा. काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवली की तडकते, कारण पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो. तसंच खडकाच्या भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठतं, भेग रुंदावतं आणि दिवसा वितळतं. असं वर्षानुवर्षं चालतं.

हे कौतुक सांगण्याचं कारण असं, की तोच बर्फ मार्चमध्ये पायवाटेवरही असतो. आपल्याकडे तेव्हा होळी होऊन ऊन तापायला लागलेलं असतं. तिकडच्या कॅलेंडरवरही वसंत लागतो, पण डोंगर कॅलेंडर बघत नाही. वर जावं तशी हवा थंड होत जाते. हजार मीटरला साधारण सहा अंशांचा फरक पडतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे २१०० मीटरवर, तर ब्राइसचा कडा २४०० ते २७०० मीटरवर. मार्चमध्ये ब्राइसला दुपारी ८ अंशांच्या आसपास असतं आणि रात्री पारा शून्याखाली पाच-सात अंश जातो. झायनमध्ये आपण दरीच्या तळाशी, सुमारे १२०० मीटरवर असतो. तिथे दुपार १७ अंशांपर्यंत उबदार होते. दोन्ही जागांत गाडीनं दोनेक तासांचंच अंतर आहे. म्हणून बेत ठरताना पहिला प्रश्न हा, की जागा किती उंचीवर आहे?

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. अडीच हजार मीटरच्या आसपास हवा विरळ होते. काहींचं डोकं दुखतं, धाप लागते, मळमळतं. चारधाम केलेल्या बायकांना हे माहीत आहे. आधी झायन, मग ब्राइस असा क्रम ठेवला तर शरीराला सवय होते. वर पोचल्यावर पहिल्या दिवशी फार चालू नये. बीपी, हृदय किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय. तो मुलांना लगेच सांगा. "उगीच त्यांचा विरस नको" म्हणून गप्प बसू नका. आपण बायका शौचालयाच्या काळजीनं पाणी कमी पितो. तिथली हवा कोरडी असते, तहान कळत नाही. पार्कमध्ये मुख्य ठिकाणी शौचालयं आहेत, तेव्हा घोटघोट पाणी पीत राहा.

तिसरा प्रश्न, चालायचं किती? आपल्याकडे गडावर जाताना ताज्या दमानं आधी चढतो आणि थकल्यावर उतरतो. इथे उलटं आहे. रस्ता थेट कड्यावर नेतो, पायवाट खाली जाते. उतरताना सोपं वाटतं, पण सगळा चढ शेवटी, थकलेल्या पायांनी चढायचा असतो. ग्रँड कॅन्यनच्या ब्राइट एंजल वाटेवर वरच्या भागात मार्चमध्ये निसरडा बर्फ असतो. गुडघे दुखत असतील तर खाली उतरूच नका. ब्राइसला सनराइज आणि सनसेट या दोन जागांमधली कड्यावरची वाट जवळजवळ सपाट आहे, एक किलोमीटरही नाही. सगळं तिथूनच डोळे भरून दिसतं. बर्फ असेल तर तिथेही जपून चाला. फोटोसाठीसुद्धा कड्यापासून सहा फूट आतच राहा.

कपडे एकावर एक घाला. आत अंगाला चिकटणारे गरम कपडे, मग स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट. सुती साडी भिजली की अंगाला गारठा धरते आणि काठ पायात येतो. त्या दोन दिवसांपुरता पंजाबी ड्रेस किंवा पॅन्ट बरी. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. टोपी, हातमोजे, थर्मासमध्ये गरम पाणी आणि बर्फावरच्या चकाकीसाठी गॉगल घ्या. चिवडा-लाडू जरूर न्या, पण खारींना घालू नका, त्या चावतात.

चौथा प्रश्न पैशांचा. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक पाहुण्याला या तिन्ही पार्कांत नेहमीच्या शुल्काशिवाय १०० डॉलर जादा आहेत. तीन पार्क म्हणजे माणशी ३०० डॉलर. परदेशी पाहुण्यांचा वर्षाचा पास २५० डॉलरचा आहे. हिशेब आपल्याला येतोच! त्याहून महत्त्वाचा प्रवासाचा आरोग्य विमा. तिकडे दवाखान्याचा खर्च फार असतो. पाय मुरगळला तरी मोठं बिल होतं. जुन्या आजारांना विमा लागू आहे का, हे इथून निघण्याआधीच विचारून घ्या.

मैत्रिणींनो, गटाचं कर्ज घेताना आपण व्याज, हप्ता, मुदत विचारल्याशिवाय सही करत नाही. सहलीलाही तसंच. उंची किती, मुक्काम कुठे, चालायचं किती, विमा आहे का, हे चार प्रश्न आजच वहीत लिहून ठेवा. आणि ज्या मैत्रिणीचं तिकीट निघालंय, तिला पुढच्या बैठकीत नक्की वाचून दाखवा. नमस्कार!