एक स्पंद, पाव मायक्रॉन

जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगसारख्या रानातल्या गावातून लेसरने चष्म्याचा नंबर घालवायचा, तर आधी मोठं शहर गाठावं लागतं. एवढा प्रवास करून जिथे काम करून घ्यायचं, त्या जागेची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर.

ही जागा म्हणजे कॉर्निया, बुबुळावरचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन; हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर, त्यातले ४३ एकट्या कॉर्नियाचे. म्हणूनच त्याचा बाक किंचित बदलला तरी नंबर जातो.

किंचित म्हणजे किती? उणे ४ नंबरसाठी ६ मिलिमीटर व्यासाच्या भागातून मधोमध सुमारे ४८ मायक्रॉन काढावे लागतात. डोक्याचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. एक्झायमर लेसरचा एक स्पंद साधारण पाव मायक्रॉन थर उडवतो आणि टिकतो सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागाइतका. तेवढ्यात प्रकाश फक्त ३ मीटर जातो. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे अतिनील किरण रेणूंचे बंध तोडतात, पण शेजारची पेशीरचना जवळपास तापवत नाहीत. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत हा गुण दाखवून दिला, तो सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर.

लॅसिक या पद्धतीत आधी कॉर्नियाचा वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात. तो कापणारा फेम्टोसेकंद लेसर आणखी अजब: त्याचे स्पंद फेम्टोसेकंदांत मोजतात. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात, तितके सेकंद पुरे व्हायला सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षं लागतील.

आता हिशेब करा. ५४० मधून ११० आणि ४८ गेले, उरले ३८२. खाली निदान २५० ते ३०० मायक्रॉन शिल्लक हवेत. पण नंबर उणे १० असेल तर १२० मायक्रॉन काढावे लागतात, आणि मुळात कॉर्निया ४८० चाच असेल तर उरतात बरोबर २५०. अशा वेळी डॉक्टर ‘तुमच्यासाठी लॅसिक नको’ म्हणाले, तर त्यांचे आभार माना. वय अठरापेक्षा जास्त हवं, वर्षभर नंबर स्थिर हवा, आणि तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवायला हव्यात.

प्रत्यक्ष लेसर एका डोळ्यावर चालतो एक मिनिटाच्या आतबाहेर. भूल फक्त थेंबांची. दुखत नाही, दाब जाणवतो. पुढचे चार-सहा तास चुरचुर आणि पाणी. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. पीआरके या दुसऱ्या पद्धतीत मात्र पापुद्रा न कापता वरचा ५० मायक्रॉनचा थरच काढतात. तो भरायला तीन ते पाच दिवस लागतात, ते दिवस दुखतं, आणि दृष्टी पूर्ण स्थिरावायला काही आठवडे जातात.

सेकंदांचं काम लेसरचं, महिन्यांचं काम डोळ्याचं. पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या नसा तुटतात. शरीरात सर्वांत दाट नसा याच भागात असतात. त्या पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे तीन ते सहा महिने, डोळे कोरडे वाटू शकतात. तोवर थेंब नेमाने घालायचे. पहिला आठवडा डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री डोळ्यांवर कवच लावायचं, चुलीचा धूर आणि रस्त्याची धूळ टाळायची. ओढ्यात पोहणं महिनाभर बंद. डोळे चोळायचे नाहीत, कारण पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच चिकटत नाही. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतो, तो लेसरने टळत नाही.

बाजारकुणंगच्या वाचकाला एवढंच सांगणं: खर्चाच्या आकड्यात राहण्याचे दिवसही धरा. दुसऱ्या दिवशीची तपासणी झाल्याशिवाय परतीची गाडी धरू नका, आणि अचानक डोळा दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागलं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरला फोन करा.