तेल माघारी धाडणारी रबराची कडा

जुन्या जीपच्या मागच्या चाकाची आतली बाजू एकदा वाकून पाहा. टायरवर काळपट, चिकट ओघळ असेल आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प येत असेल, तर ते ब्रेकचं तेल नव्हे. ते क्राउन-पिनियनमधलं गिअर ऑइल. गॅरेजमध्ये निदान एका वाक्यात होतं: ‘एक्सलचं सील गेलं.’ हे सील म्हणजे पत्र्याच्या कड्यात बसवलेली रबराची कडा आणि तिच्यामागे बारीक गोल स्प्रिंग. दिसायला इतकी साधी वस्तू, पण ती जे काम करते ते समजलं की थक्क व्हायला होतं.

विलीज जीपची जुळणी महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. तिचं सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये थांबलं, पण त्याच घडणीच्या जीप आपल्याकडे पुढेही कित्येक वर्षं तयार होत राहिल्या. त्यांच्या मागच्या एक्सलची रचना सरळ आहे. मधल्या गोळ्यात क्राउन आणि पिनियन ही दातेरी चक्रं तेलात फिरतात, दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून पोलादी शाफ्ट चाकांपर्यंत जातात. फिरणारी चक्रं तेल उडवतात आणि ते नळीतून वाहत टोकाकडे येतं. तिथे ग्रीस भरलेलं बेअरिंग असतं आणि त्यापलीकडे ब्रेकचा ड्रम. तेल ड्रममध्ये गेलं तर ब्रेक शू भिजतात, एका चाकाचा ब्रेक लागत नाही आणि ऐन घाटात गाडी एका बाजूला ओढते. तेलाला नळीतच थोपवायचं काम सीलकडे आहे.

त्या कडेच्या वाट्याला किती घर्षण येतं, याचा हिशेब करू. जीपच्या ६.००-१६ टायरचा परीघ साधारण सव्वादोन मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे ४४० वेळा फिरतं आणि एक लाख किलोमीटरला जवळपास साडेचार कोटी वेळा. शाफ्ट ३५ मिलिमीटर जाडीचा धरला, तर प्रत्येक फेऱ्याला ११ सेंटिमीटर पोलाद रबरावरून सरकतं. एकूण अंतर होतं ४,८०० किलोमीटरच्या आसपास. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्याच्या दीडपट अंतर रबराची कडा जागच्या जागी घासत राहते. तरीही ती जळून का जात नाही?

कारण ती पोलादावर कोरडी टेकतच नाही. ई. टी. जॅगर या इंग्लिश संशोधकाने १९५७ मध्ये दाखवून दिलं की, फिरता शाफ्ट आणि रबर यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. या थरावर कडा तरंगते. पण इथेच कोडं पडतं. कडेखाली तेल आहे, तर ते बाहेर का येत नाही?

उत्तर कडेच्या आकारात आहे. तेलाच्या बाजूचा तिचा उतार उभा असतो आणि हवेच्या बाजूचा पसरट. त्यामुळे दाबाचा सर्वोच्च बिंदू तेलाच्या बाजूला सरकतो. रबराच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. शाफ्ट फिरू लागला की घर्षणाने ते ओढले जातात आणि तिरके होतात. नांगराचा तिरका पंख माती एका अंगाला लोटतो, तसे हे उंचवटे तेल लोटतात. दाबाच्या बिंदूच्या तेलाकडचे उंचवटे ते बाहेर ढकलतात, हवेकडचे आत. हवेच्या बाजूचा पट्टा रुंद असल्याने आत ढकलणारे जिंकतात. म्हणजे सील हा बंद दरवाजा नाहीच. तो सूक्ष्म पंप आहे, निसटू पाहणारं तेल क्षणोक्षणी माघारी धाडणारा. शाफ्ट उलटा फिरला तर उंचवटे दुसरीकडे कलतात आणि तेल तरीही आतच जातं. म्हणून साध्या कडेचं एकच सील डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना चालतं आणि गाडी रिव्हर्स घेतानाही तेल राखतं.

आधी ही कडा चामड्याची असे. जर्मनीतल्या वाइनहाइमच्या फ्रॉयडेनबर्ग या कातडी कमावणाऱ्या कारखान्याने १९२९ मध्ये चामड्याची सील बनवायला घेतली. वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावाने पुढे ‘सिमररिंग’ आलं आणि १९३० च्या दशकातच चामड्याची जागा कृत्रिम रबर घेऊ लागलं. सील आधी यशस्वी झालं, ते का चालतं याचा उलगडा नंतर झाला.

आता सील बदलताना मेस्त्री जे नियम पाळतो, ते या पंपाच्या प्रकाशात पाहा. गाडी जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवायची, पुढच्या चाकांना ठोकळे लावायचे. जुन्या जीपमध्ये हब निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो आणि तो पुलरने काढावा लागतो. नट तेव्हा दोन-चार आट्यांवर राहू द्यायचा, कारण ताण सुटला की हब जोरात उडतो. मग शाफ्ट बाहेर येतो आणि जुनं सील दिसतं.

नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची. उलटं बसलं तर पंपही उलटा होतो आणि तेल बाहेर उपसतो. कडेला आधी तेल लावायचं, नाहीतर पहिल्या फेऱ्यांत थर तयार व्हायच्या आत रबर कोरडं घासतं. शाफ्ट परत घालताना त्याच्या टोकाची धार कडेला कापणार नाही, हे जपायचं. शाफ्टवर सील जिथे घासतं तिथून नख फिरवून पाहायचं. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. मऊ रबर पोलाद झिजवतं ते त्यात रुतलेल्या धुळीच्या कणांमुळे. खाच असेल तर सील किंचित सरकवून ताज्या पृष्ठभागावर बसवतात किंवा शाफ्टवर पाव मिलिमीटर जाडीची पोलादी बाही चढवतात. पॉलिश पेपर मारायचाच तर सरळ परिघाच्या दिशेने, कारण मळसूत्रासारखे ओरखडे शाफ्टलाच पंप बनवतात. बेअरिंग झिजलं असेल तर शाफ्ट डुलतो, कडा त्याच्या मागे धावू शकत नाही आणि नवं सीलही गळतं. तेलाने भिजलेले ब्रेक शू बदलायचेच. पुसून ते कोरडे दिसले तरी तापल्यावर आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं.

शेवटी एक्सलच्या हाउसिंगवरचा ब्रीदर पाहायचा. हवेची ये-जा होऊ देणारं हे छोटं तोंड चिखलाने बुजलं, तर ३० अंशांवरून ८० अंशांवर तापलेल्या हवेचा दाब सुमारे एक षष्ठांशाने वाढतो आणि तेलाला कडेखालून बाहेर रेटतो. तीच तापलेली गाडी पावसाळ्यात कॉजवेच्या पाण्यात उतरली की हवा आकसते, पाणी आत खेचलं जातं आणि तेल दुधाळ होतं. ब्रीदर साफ न करता घातलेलं सील लवकरच पुन्हा गळू लागतं, आणि दोष विनाकारण रबराला लागतो.

‘स्प्रिंग आतल्या बाजूला, कडेला तेल, ओरखडा नको’ हे नियम गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं हातांनी हातांना दिले गेले आहेत. त्यांतल्या प्रत्येकाखाली मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चाललेली घडामोड आहे. ती कुणा मेस्त्रीने डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण तिची सोय त्याने दरवेळी चोख केली आहे.